गाडी उचलून घेणे

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. माझ्या वहीत मी त्यांना नुसतं 'हे' असं लिहिते. पण हे लिखाण विहाराच्या अंकात यायचं आहे, चार लोक वाचतील, म्हणून एकदा लिहून टाकते. ग्यानोबा खिल्लारे, राहणार जवळा बाजार, जिनिंगच्या गाडीचे ड्रायव्हर. 'आपल्या वस्तीतला एक माणूस' असा विषय दिला तेव्हा बाकीच्या बायकांनी मास्तरांची, सरपंचांची नावं घेतली. मी म्हटलं, ज्या माणसापायी मी वर्षानुवर्षं पहाटे चारला उठले, त्याच्याबद्दलच मला लिहिता येईल. दुसरं काही मला ठाऊक नाही.

मी सातवी पास आहे. पहाटे उठायचं, अंग धुवायचं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणायचं. मग चुलीवर तवा तापेपर्यंत वहीत चार ओळी लिहायच्या. काल काय झालं, आज पौर्णिमा आहे का, कोण आलं, कोण गेलं. वही कोणाला दाखवायची म्हणून कधी लिहिली नाही. लिहिलं की दिवस जरा हलका होतो, एवढंच.

जिनिंगचा हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत चालायचा. सकाळी आठला भोंगा. भोंगा संपला की गेट बंद, मग बाहेर राहिलेल्या बाईचा तो दिवस गेला. बायका लांबलांबच्या वस्त्यांवरून, तांड्यांवरून आणाव्या लागायच्या, म्हणून शेठनं लिलावातली एक जुनी बस घेतली होती. लाल रंगावर निळा मारलेला होता, तरी पावसानं धुतली की आतला लाल डोकावायचा. ती गाडी यांच्या हातात. साडेपाचला रिकामी घेऊन जायचे, शेवटच्या वस्तीपासून बायका गोळा करत आठच्या आत गेटात आणायचे. संध्याकाळी तेच उलटं.

ड्रायव्हर लोकांचे शब्द वेगळे असतात. उभी गाडी चालू करून नेली, तर ती 'काढली'. मोकळ्या सडकेवर जोरात नेली, तर 'पळवली'. आणि चालती गाडी कशानं तरी हळू झाली, म्हशी आडव्या आल्या, खड्डा आला, आणि मग तिला परत तिच्या चालीवर नेली, तर ती 'उचलून घेतली'.

"काढाया कुणालाबी येतं," हे म्हणायचे. "पळवाया तर गाढवालाबी येतं. उचलून घ्याया जमलं त्यो डायवर."

कारण उचलताना आत बसलेल्या माणसाला कळता कामा नये. मांडीवरचं लेकरू जागं व्हायला नको. गचका देऊन उचलली तर ते उचलणं नाही, ती ओढाताण, असं यांचं म्हणणं. इंजिनाचा आवाज ऐकायचा, ते 'दे' म्हणतं तेव्हाच पाय द्यायचा, आधी नाही आणि नंतर नाही. जिनातल्या बायकांनीही हा शब्द उचलला होता. सरकी काढायचं यंत्र कापसानं गच्च होऊन मंदावायचं आणि मग परत घरघरायला लागायचं, तेव्हा त्या म्हणायच्या, "उचललं बाई एकदाचं."

यांच्या उचलण्याची तारीफ सगळीकडं होती. मला त्याचं फार कौतुक नव्हतं. माणूस घरी यायचा तो शिणून यायचा, जेवताना डुलक्या घ्यायचा. तारीफ काही भाकरी थापू लागत नाही. पण आता लिहायला बसले तर खरं ते लिहिते. मी दोनदा त्या गाडीत बसून बहिणीकडं गेले, आणि दोन्ही वेळा मला झोप लागली.

शेठ डिझेल मापून द्यायचे. गाडी थांबवली की परत काढायला डिझेल जास्त जातं. म्हणून संध्याकाळी लहान वस्त्यांवर गाडी थांबवायचीच नाही, अशी रीत पडली होती. माणूस चालतो तेवढ्या चालीवर आणायची. बायका मागच्या दारातून, गाडी जाते त्या दिशेनं तोंड करून, एकीमागं एक खाली पाय टाकायच्या आणि चार पावलं पळून थांबायच्या. पंधरा वर्षांच्या पोरीपासून साठीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना ते अंगवळणी पडलं होतं. मागच्या दारात मंजुळाबाई मुकादमीण उभी असायची. सगळ्या उतरल्या की ती पत्र्यावर दोन थापा मारायची, मग हे गाडी उचलून घ्यायचे.

पण यांचा कान असा तयार झाला होता की थापांची गरजच राहिली नाही. सडकेवर पाय पडल्याचा आवाज ते मोजायचे. थावरा नाईकाच्या तांड्याला सात बायका उतरायच्या. सात आवाज झाले की मंजुळाबाईचा हात पत्र्यावर पडायच्या आत यांचा पाय खाली गेलेला असायचा. मंजुळाबाई चिडायची.

"मला कशाला ठिवलं मग दारात? देखाव्याला?"

"तू गाडीची शोभा हायेस, मंजुळाबाई," हे पुढून ओरडायचे, आणि सगळी गाडी हसायची.

आठ डिसेंबर सत्त्याण्णव. वहीत त्या दिवशी फक्त एक ओळ आहे: 'आज गाडीखाली नाही, पण गाडीमुळं.' तेव्हा हात चालला नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

बाजाराचा दिवस होता. तांड्यावरच्या रुख्मिणीबाईंनी दुपारच्या सुट्टीत बाजार केला होता, मीठ, डाळ, पोत्यात बांधलेलं गठुडं. उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून त्यांनी आधी गठुडं खाली टाकलं. ते धप्पकन पडलं. यांच्या कानानं तो सातवा पाय धरला. गाडी उचलून घेतली. रुख्मिणीबाई तेव्हा शेवटच्या पायरीवर होत्या, एक पाय हवेत.

उजव्या पायाची नळी मोडली. हेच त्यांना त्याच गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. शेठनं औषधपाण्याचं बघितलं, तक्रार झाली नाही. तांड्याचे लोक भांडायला आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी प्रत्येक ठिकाणी थांबायला लागली. ते योग्यच होतं, कोणी नाव ठेवलं नाही. पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. गाडी कशानंही हळू झाली की परत उचलली जाईना. खड्डा आला, हळू केली, मग तशीच हळू. बैलगाडी पुढं आली की तिच्याच मागं. शेळी दिसली तरी ब्रेक. हे सगळं मला मंजुळाबाईनं सांगितलं. घरी हे काहीच बोलायचे नाहीत.

"ग्यानोबादादा गाडी न्हाई, वरात चालवून राहिले," ती म्हणाली. "काल मोजून तीन सायकली पुढं गेल्या आमच्या."

मी यांना विचारलं. हात धुवून बसले होते, ताटात बघत म्हणाले, "पाय खाली जाईना, पंचफुला. पाय दाबावा म्हणलं की पायाखाली कुणीतरी हाय असं वाटतं."

मी वरण वाढलं.

घरातसुद्धा सगळं तसंच झालं. पाण्याची घागर आणायला गेले तर निम्म्या वाटेत टेकवून उभे राहायचे. आमच्या संध्याची नववी होती, तिला सायकलवर शाळेत सोडायचे ते पायी सोडायला लागले. मी पहाटे चारच्या जागी साडेतीनला उठायला लागले, कारण ते आता साडेपाचच्या आधीच निघायचे, हळू जायचं म्हणून. तरी गाडी उशिराच यायची. त्या महिन्याच्या वहीत मी वंदनेच्या खाली बऱ्याचदा एकच शब्द लिहिलाय: 'थकले.' तो कशानं, कोणासाठी, हे लिहिलेलं नाही.

पौष पौर्णिमेला माझा उपोसथाचा उपास होता. मी म्हटलं, आज आपण रुख्मिणीबाईंना बघायला जाऊ. हे नको म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी जाते. तेव्हा चपला घालून माझ्या मागं आले.

रुख्मिणीबाई खाटेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. त्यांचे मालक बाबूसिंग अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. हे खाटेच्या कडेला बसले, जसं सोयरीक मोडायला आलेला माणूस बसतो.

"मावशी, चुकलं माझं," हे म्हणाले.

"चुकलंच," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "त्या मंजुळीनं थाप मारली व्हती का? न्हाई मारली. मग काहून नेली गाडी?"

हे नखानं खाटेची दोरी उकरायला लागले.

"अन् आता काय लावलं हाय तू?" त्या म्हणाल्या. "पडले मी, अन् लंगडून तू राहिला. माझ्या सुना, जावा, सगळ्या त्याच गाडीत येतात. ह्या आठवड्यात तीनदा गेटाभाईर राहिल्या. भोंगा झाला, गेट बंद. सून शितल तर रडत आली घरी."

"बायांना पाडण्यापरीस उशीर बरा, मावशी."

बाबूसिंगांनी दोरी वळता वळता मान वर केली. "डायवर, गाडी थांबवाया सांगितलं तुला. चालवू नको असं कुणी सांगितलं?"

आम्ही उठलो. निघताना रुख्मिणीबाई मला म्हणाल्या, "तू बी किती वाळली गं." मी म्हटलं, उपास आहे आज. त्या हसल्या. "रोजच दिसतो," म्हणाल्या.

तो हंगाम कसाबसा निघाला. होळीला शेठनं गाडी शेडमध्ये लावली आणि यांना सांगितलं, "दिवाळीला बघू." ते 'बघू' आमच्या घरात आठ महिने राहिलं. हे रोज शेडमध्ये जाऊन गाडी पुसायचे, इंजिन चालू करून ऐकत बसायचे. सडकेवर मात्र काढली नाही.

दिवाळी झाली आणि शेठनं रणजीत नावाचा एक ड्रायव्हर कळमनुरीहून बोलावला. तिथं तो जीप चालवायचा. बोलायला चांगला, दात पांढरेशुभ्र. शेठ यांना म्हणाले, "ग्यानोबा, तीन दिवस तू चालव. रणजीत शेजारी बसंल, रस्ता बघून घेईल. तीनातला एक दिवस जरी बाया भोंग्याच्या आत आल्या, तर गाडी तुझी. न्हाई आल्या तर चावी त्याच्याकडं. तुला सरकीच्या गोदामात लावतो, उपाशी ठेवत न्हाई."

पहिला दिवस अकरा मिनिटं उशीर. दुसरा दिवस नऊ.

तिसऱ्या दिवशी पहाटे वंदना झाल्यावर मी संध्याला म्हटलं, आज डबा तुझा तू भर. आणि यांच्यामागं गाडीत जाऊन बसले. त्यांनी आरशातून बघितलं, उतर म्हणाले नाहीत. रणजीत इंजिनाच्या झाकणावर गोणपाट टाकून बसला होता.

जाताना अंधार होता, गाडी रिकामी होती, बरी चालली. शेवटच्या वस्तीवरून वळलो तेव्हा उजाडलं. बायका चढत गेल्या. गळ्यात डबे, डोक्याला फडकी. प्रत्येक ठिकाणी गाडी पूर्ण थांबली, मंजुळाबाईनं दोन थापा मारल्या, मगच निघाली. तांड्यावर रुख्मिणीबाई चढल्या. या हंगामात त्या परत कामावर आल्या होत्या. चालताना उजवा पाय जरा ओढायच्या. चढून मागच्या बाकावर बसल्या.

तांड्याच्या पुढं सडकेला कापसाच्या बैलगाड्या लागल्या. बाजाराला निघालेल्या, एकामागं एक, वरपर्यंत भरलेल्या. हे त्या दिवसांत रोजचंच. एक गाठायची, हळू व्हायचं, बाजूनं काढायची, उचलून घ्यायची, की दुसरी हजर. यांनी पहिली गाठली, हळू केली, आणि तिच्याच मागं राहिले. सडक पुढं मोकळी होती. मला मागून दिसत होती.

"डायवर, आमी पायी जातो," मागून एक जण ओरडली. "तू ये सवडीनं."

"बैलाला इचारा, आपल्याला आत घेतो का," दुसरी म्हणाली.

गाडी हसली. हसताना सगळ्या जणी पुढं बघत होत्या, कुठं पोचलो ते. रणजीतनं मनगट वळवून घड्याळ बघितलं. मला वाटलं आता झालं. खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. गोदामात राहतील, सातला उठले तरी चालेल, मला साडेतीनला उठायला नको. हे त्या दिवशी मी वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

तेवढ्यात रुख्मिणीबाई उठल्या. चालत्या गाडीत, एका बाकाचा दांडा सोडून दुसऱ्याचा धरत, उजवा पाय ओढत पुढं आल्या. मी हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "सरक." पार यांच्या सीटच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा, मावशी," हे म्हणाले.

"न्हाई बसत."

"पडताल."

"पडले तर तुझ्या डोळ्यादेखत पडंन. मागं काय झालं ते आईकत तरी बसावं लागणार न्हाई." त्यांनी लुगडं जरा वर धरलं. "हे बघ माझे पाय. दोन्ही हितंच हायेत. तुझ्या पायाखाली कुणीच न्हाई. घे आता."

रणजीत झाकणावरून उठून त्यांना जागा द्यायला लागला. त्या त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "तू बस रे. तुझं काम न्हाई हे."

हे घामेजले होते. थंडीचे दिवस, तरी मानेवरून घाम. बैलगाडीवाल्याला हॉर्न दिला. तो बाजूला सरकला. यांनी एकदा रुख्मिणीबाईंच्या पायाकडं बघितलं, मग पुढं. इंजिनाचा आवाज जाड होता, तो बारीक होत गेला. मी रुख्मिणीबाईंकडंच बघत होते. त्यांनी दांडा धरला नव्हता. दोन्ही हात पोटाशी बांधले होते. बैलगाडी मागं गेली, बैल मागं गेले, बाभळी भराभर मागं जायला लागल्या. त्या हलल्या नाहीत. फडक्याचं टोक वाऱ्यानं उडत होतं, तेवढंच.

दुसरी बैलगाडी आली. हळू केली, बाजूनं काढली, उचलून घेतली. तिसरी. चौथी. मग मी मोजलं नाही. मागच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मंजुळाबाई दारातून म्हणाली, "अगं, कुणीतरी बोला की, मला भ्या वाटून राहिलं." रुख्मिणीबाई जवळा बाजार येईपर्यंत उभ्या होत्या. त्यांचा मोडका पाय थरथरायला लागला तेव्हा त्यांनी सगळं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, ते मला दिसलं. यांना दिसलं की नाही, माहीत नाही.

भोंगा वाजायला लागला तेव्हा आम्ही गेटाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपापाशी होतो. तो मिनिटभर वाजतो. गेटावरचे अमरसिंग एका हातानं फाटक धरून उभे होते. गाडी आत शिरली आणि भोंगा संपला, की भोंगा संपला आणि गाडी शिरली, यावर जिनिंगमध्ये पुढं बरेच दिवस वाद चालला. शेठ पायरीवर उभे होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, रणजीतकडं बघितलं. रणजीत उतरला आणि म्हणाला, "शेठ, रस्ता बघितला मी. गाड्या लई असतात." बस, एवढंच.

"होळीपर्यंत राहू दे तुझ्याकडं," शेठ यांना म्हणाले आणि आत गेले.

बायका उतरल्या. रुख्मिणीबाई उतरताना मंजुळाबाईचा खांदा धरून उतरल्या, आणि दारातल्या दगडावर बसून पाय चोळत राहिल्या. मुकादमीण त्यांना आत चला म्हणाली तर म्हणाल्या, "थांब बाई, दम घेऊ दे." शितल त्यांची भाकरी घेऊन आत गेली.

सगळ्या गेल्या तरी हे सीटवरून उठेनात. मी कॅन्टीनवरून चहा आणला. मला वाटलं, आनंदानं बसलेत. जवळ गेले तर तोंड कोरडं पडलेलं, आणि उजवा पाय, गाडी बंद होती तरी, आपोआप खालीवर होत होता. चपलेचा टाचेकडचा भाग पत्र्यावर टकटक वाजत होता.

"थांबना झालाय," ते म्हणाले. "धर जरा."

मी चहा डॅशवर ठेवला आणि वाकून दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा दाबून धरला. शेजारी यंत्रं सुरू झाली होती, कापसाची धूळ खिडकीतून आत यायला लागली. चहावर साय धरली. संध्याकाळी परत तेवढाच रस्ता होता, तेवढ्याच बैलगाड्या रिकाम्या परत येताना भेटणार होत्या, आणि उद्या पहाटे परत. पाय माझ्या हाताखाली हलत होता. मी जोर वाढवला नाही, सोडलाही नाही.

"घरी जा तू," ते म्हणाले. "वंदना झाली का तुझी?"

"पहाटेच झाली."

"मग बस थोडं."

मी रणजीतनं सोडलेल्या गोणपाटावर बसले.